भुवनानं ऐकलेली पोथी

आमच्या तामलवाडीत कडक भाकरी कुणाची चांगली असं कुणी विचारलं, तर लोक माझ्या नणंदेच्या दाराकडं बोट दाखवतात. गावात विसरभोळं कोण असं विचारलं, तरी बोट तिकडंच जातं. भुवनेश्वरी तिचं नाव. घरात भुवना. आमच्याच परसातल्या दोन खोल्यांत राहते, सकाळपासून चुलीपुढं असते, आणि तिच्या भाकरी सोलापूरला जातात. कागदासारखी पातळ भाकरी, कुठं भोक नाही, कुठं जाड नाही. हाताला अशी नजर असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. पण त्याच बाईनं पाण्याची मोटार चालू ठेवून तुळजापूरची बस पकडलेली आहे, आणि दाराला कुलूप घालून किल्ली आतच ठेवलेली आहे. एकदा तर मीठ आणायला जाते म्हणून गेली आणि बारशाला जेवून आली. मीठ नव्हतंच आणलं.

तिच्याबद्दल लिहायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. मी रोज पूजा झाल्यावर वहीत चार ओळी लिहिते. त्या वह्या काढून बघितल्या तर तीस वर्षांत भुवनाचं नाव शेकडो वेळा आलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी पुढं लिहिलंय, "आज पुन्हा उठली."

कशातून उठली, ते सांगते.

भुवना पाच वर्षांची असताना तिला ताप आला होता. तेरा दिवस उतरला नाही. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, येडशीच्या रामलिंगापुढं पदर पसरला आणि नवस बोलल्या, "माझी पोर उठू दे, तिच्या तोंडानं तुझी पोथी पुरी करीन." पोर उठली. पोथी म्हणजे आमच्या घराण्यातली, कुणा जुन्या माणसानं हातानं उतरवलेली, सोळा अध्यायांची शिवाची पोथी. आमच्या घरात ती वाचायचा नियम असा की श्रावणात रोज एक अध्याय, पाटावर बसून वाचायचा. अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही. उठलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

भुवना वाचायला लागली ती नवव्या वर्षी. आणि उठायला लागली तीही तेव्हाच.

तिला वाचता येत नव्हतं असं नाही. शाळेत तोंडी हिशोबात कुणाला ऐकायची नाही. पण पाटावर बसली की दहा-बारा ओव्यांनंतर काय व्हायचं, ते तिनंच मला एकदा सांगितलं होतं. पोथीत कैलास आला की तिला डोंगर दिसायचा, डोंगरावरून रामलिंगची झाडी, झाडीवरून तिथली माकडं, माकडावरून शेजारच्या सखूचा हिसकावून नेलेला पेरू, आणि सखूवरून आठवायचं की सखूची परकराची नाडी आपल्याकडं राहिलीय. "मग मी सखूच्या दारात असायची ओ वैनी. उठले कधी, तेच ठावं नसायचं."

मार खाल्ला तिनं. माझे मालक माणिकप्पा तिच्याहून सात वर्षांनी मोठे. ते सांगतात की अव्वा तिच्या परकराचं टोक पाटाच्या पायाला बांधायच्या. एकदा ती पाटासकट उठली. सगळे हसले, अव्वासुद्धा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला अध्याय. आमच्या घरात पहिले तीन अध्याय सगळ्यांना पाठ आहेत, लहान पोरांनासुद्धा. चौथा थोडाफार येतो. भुवना फार पुढं गेली ती पाचव्यापर्यंत, एकदाच, लग्नाच्या आधीच्या श्रावणात.

लग्न टिकलं नाही. सासरी दूध उतू जायचं, गोठ्याचं दार उघडं राहायचं, म्हैस दुसऱ्याच्या ज्वारीत. सासू बोलताना ही मधेच तिसरंच बोलायची. चार वर्षांनी त्यांनी आणून सोडलं आणि दारातच म्हणाले, "तुमची पोरगी वाईट न्हाय, पण घरात असून घरात नसती." मूलबाळ नव्हतं. त्या दिवशी अव्वा मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "महानंदा, नवस राहिलाय तिचा. दुसरं काय न्हाय."

तेव्हापासून जे काही वाईट झालं ते नवसाच्या खात्यात गेलं. मामंजी गेले, तेही. बोअरला पाणी लागलं नाही, तेही. कुणी तिच्या तोंडावर म्हणायचं नाही, पण श्रावण आला की सगळे पाटाकडं बघायचे आणि ती निमूट येऊन बसायची. मी समोर बसायची. "हूं" म्हणायला कुणीतरी लागतं ना. सहाव्या-सातव्या मिनिटाला तिचा पायाचा अंगठा हलायला लागायचा. मला कळायचं, आता गेली.

मी तिला कधी ओरडले नाही. पण वहीत लिहीत राहिले.

माझी मुलगी श्रीदेवी सोलापूरला एका दवाखान्यात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी सुट्टीला आली होती. आत्याजवळ चुलीपुढं बसून गप्पा मारता मारता तिनं एकदम विचारलं, "आत्या, तुमी कंचंबी पुस्तक पुरं वाचलंय का?"

"तुझ्या बापाला विचार. पाचव्या अध्यायाची मास्तरीण हाय मी."

"चेष्टा न्हाय करत. आमच्याकडं एक डॉक्टरीण येतात. चला माझ्यासंगं."

मी म्हटलं, "वेडबीड लागलंय का तिला?" श्रीदेवीनं माझ्याकडं रोखून बघितलं.

मीही गेले बरोबर. डॉक्टरीण तरुण होत्या. दीड तास विचारत होत्या. लहानपणी कशी होती, शाळेत कशी, सासरी काय झालं. शेवटी म्हणाल्या, याला एडीएचडी म्हणतात. जन्मापासूनचं असतं. हा आळस नाही आणि हट्टही नाही. लक्ष नसतं असं नाही, लक्ष एका जागी धरून ठेवणं यांच्या हातात नसतं. पूर्वी मुलींचं तर कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

भुवनानं विचारलं, "म्हंजे माजी चूक न्हवती?"

"नाही."

"बसायचं मनात असून बी बसवत न्हवतं, ते?"

"तेच."

तिनं पुन्हा विचारलं, "चूक न्हवती ना?" त्या बाईंनी तिसऱ्यांदाही तेवढ्याच शांतपणे सांगितलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. तामलवाडीचा फाटा आला तेव्हा एवढंच म्हणाली, "लई मार खाल्ला की ओ, वैनी." मी तिची पिशवी उचलली.

गोळ्या दिल्या होत्या, त्यानं थोडं बरं वाटायचं. पण डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं होतं की वाचून होत नसेल तर ऐका, आणि बसून ऐकू नका, हात चालू असताना ऐका. श्रीदेवीनं आत्याच्या मोबाईलवर गोष्टींची पुस्तकं लावून दिली, माणूस वाचून दाखवतो तशी. आधी भुवना झोपून ऐकायला लागली, तर मन पुन्हा सखूच्या दारात. मग भाकरी करताना कानात घातलं, आणि जमलं. तीन महिन्यांत चार पुस्तकं झाली. पन्नाशीला आलेली बाई परसातून ओरडून मला सांगायची, "वैनी, त्या माणसानं बायकूला सोडलं ओ! मला आधीच वाटलं हुतं!" मी भाजी चिरता चिरता म्हणायची, "कुणी गं?" तर ते पुस्तकातलं निघायचं.

मागच्या आषाढात अव्वा अंथरुणाला खिळल्या. चौऱ्याऐंशी वय. दम लागायचा. जीव कशात अडकलाय ते सगळ्यांना माहीत होतं. एके दिवशी भुवना माझ्याकडं आली, हाताला पीठ तसंच.

"वैनी, आपली पोथी मोबाईलात कुठं मिळंल?"

"हातानं लिहिलेली पोथी ती. कुठं मिळणार?"

"मग तुमी वाचा. तुमच्या आवाजात भरून द्या."

मला आधी बरं वाटलं नाही. पण अव्वांकडं बघून हो म्हटलं. राहिलेल्या आषाढात रोज देवघरात बसून एकेक अध्याय वाचला आणि श्रीदेवीनं शिकवलं तसं भरून ठेवला. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून भुवनानं पोथी ऐकायला घेतली. दुसऱ्याच दिवशी मी तिच्या खोलीत गेले तर मोबाईल जरा जोरात लावलेला, आणि माझा आवाज चिमणीसारखा भरभर.

"हे काय गं?"

"दीडपट केलंय. सावकाश वाचलं की मधल्या जागंतनं मी निसटते."

"देवाला काय एवढी घाई?"

"देवाला न्हाय ओ, मला हाय," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

मला ते बरोबर वाटलं नाही, हे मी त्या दिवशी वहीत लिहिलं आहे. पण मी बघत होते. मन निसटलं की ती कोपरानं मोबाईलला टोचायची आणि आवाज जरासा मागं न्यायची. पुन्हा ऐकायची. एक अध्याय दोनदा, तीनदा. दुपारी हात धुऊन पोथीचं पान हातात घ्यायची, कानात माझा आवाज लावायची आणि उभ्यानंच खोलीत फिरत ओळीवरनं बोट न्यायची. पाचवा झाला. सहावा झाला. सहावा झाला त्या दिवशी ती आमच्या दारात आली आणि नुसती उभी राहिली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काय न्हाय. पुढं बी हाय तर."

दहाव्या अध्यायात राजाचा म्हातारा हत्ती मरतो. गोष्ट राजाची आहे, हत्ती दोन ओव्यांपुरता. त्या दिवशी परसात करपल्याचा वास आला म्हणून मी धावले. तव्यावर भाकरी काळी झालेली आणि भुवना डोळ्याला पदर लावून बसलेली. "हत्ती मेला ओ, वैनी. त्याच्याकडं कुणी बघितलं बी न्हाय." तीस वर्षं मी ती पोथी मनातल्या मनात वाचत होते. त्या हत्तीपाशी मी एकदाही थांबले नव्हते.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सोळावा अध्याय झाला. ती तशीच पळत अव्वांच्या खोलीत आली. मी तिथंच होते.

"अव्वा, पुरी झाली. सगळी. सोळा."

अव्वांना ऐकू कमी यायचं. तिनं कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगितलं, आणि मग गोष्टच सांगायला लागली, सहाव्यापासून पुढची, कुठंच न अडखळता. पहिले पाच सोडून दिले, म्हणाली ते भिंतीला बी पाठ हायेत. अव्वा तिच्या तोंडाकडं बघत होत्या. अव्वांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या पोथीत पुढं काय आहे ते त्यांनी लेकीच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. गोष्ट संपली तशी भुवना म्हणाली, "थांबा, साखर आणते," आणि चपला न घालता दुकानाकडं गेली.

ती गेल्यावर अव्वांनी मला विचारलं, "महानंदा, झाला म्हणायचा का गं नवस?"

माझ्या घरात देवाधर्माचं मलाच विचारतात. एकादशी कधी, शिवामूठ कशाची, उपास कुणी धरायचा. मी चुकीचं सांगितलं तर दोष घराला लागतो, हे मी सासरी आल्यापासून अव्वांकडूनच शिकले. नवस होता तिच्या तोंडानं वाचायचा. पाटावर. आणि तिनं तर ऐकली होती, भाकरी थापत, माझ्या तोंडची, तीही दीडपट. मी म्हटलं, "अव्वा, मठात स्वामींना विचारते. ते सांगतील तसं करू."

स्वामी श्रावणभर मौन अनुष्ठानाला बसले होते. लांबून दर्शन मिळायचं, बोलणं नाही. अमावास्येला उठणार होते.

"किती दिस हायेत?" अव्वांनी विचारलं.

"बारा."

भुवना साखर घेऊन आली तेव्हा मी तिला दारातच सांगितलं, "वाटू नको अजून. स्वामींना विचारून मग वाटू." ती पुडा हातात धरून उभी राहिली. "वैनी, ऐकलेलं चालत न्हाय का?" मी म्हटलं, "चालतही असेल गं. पण आपल्या मनानं कसं ठरवायचं?" तिनं पुडा फळीवर ठेवला. त्या दिवशी पुढं तिनं एकही भाकरी केली नाही.

पाचव्या दिवशी, शनिवारी, सकाळी नऊच्या सुमाराला अव्वा गेल्या. मी त्यांना चहा पाजत होते. दोन घोट घेतले. भुवना परसात होती, तिला बोलवेपर्यंत झालं होतं. तिनं आईच्या हनुवटीवरचा चहाचा ओघळ पदरानं पुसला, आणि मग त्याच पदरानं पुसतच राहिली, काही नसताना. आमच्यात माणसाला बसवून नेतात. अव्वांना कपाळभर विभूती लावून बसवलं, तेव्हा भुवना त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. न्यायला माणसं जमेपर्यंत चार तास गेले. चार तास ती जागची हलली नाही. कोपऱ्यात कुणी बाई कुजबुजली, "आज बरी बसली." मी ऐकलं. भुवनानंही ऐकलं असणार.

अमावास्येला पोळ्याची गडबड होती. आमच्यात सुतक धरत नाहीत. माणिकप्पा बैलांत होते. मी एकटीच मठात गेले. स्वामी उठले होते, अंगानं वाळले होते, आवाज बसलेला. मी पाया पडून सगळं सांगितलं, तापापासून ते दीडपटीपर्यंत. काही लपवलं नाही.

स्वामींनी विचारलं, "नवस कोण बोललं होतं?"

"सासूबाई."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"त्या मलाच विचारत होत्या, झाला म्हणायचा का."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, तुम्हाला विचारून सांगते."

त्यांनी विभूतीचा डबा पुढं ओढला. मग म्हणाले, "ताई, नवस ज्यानं बोलला त्याचा असतो. फिटला म्हणायचं तेही त्यानंच. आईनं लेकीचं ऐकून झाला म्हटलं असतं, तर झाला असता. यात मठाचं काय होतं?"

"आणि आता, स्वामी?"

"आता कोण म्हणणार?" ते म्हणाले. रागानं नव्हे. माझ्या हातावर विभूती ठेवली.

घरी येऊन मी तशीच भुवनाकडं गेले. ती भाकरी करत होती, कानात काही नव्हतं. अव्वा गेल्यापासून तिनं ऐकणं सोडलं होतं. श्रीदेवी फोनवर म्हणाली, नवं पुस्तक लावून देऊ का आत्या, तर "कुणाला सांगू गं त्यात काय हाय ते," असं म्हणाली.

मी तिला स्वामींचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. खोटं सांगावं असं वाटेत मनात आलं होतं. झाला म्हणाले, असं. पण ज्या तोंडानं मी तिला थांबवलं होतं, त्याच तोंडानं हे सांगणं मला जमलं नाही.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं जाळ कमी केला. म्हणाली, "तुमी तरी काय करणार ओ. तुमी नेमाच्या."

मग जरा वेळानं तिनं विचारलं, "मी साखर आणाय गेल्यावर अव्वानं विचारलं न्हाय का तुमाला?"

"व्हय."

"विचारताना तिचं तोंड कसं हुतं, वैनी? हसल्यावानी हुतं? का काळजीचं? ते सांगा नुसतं. हसल्यावानी असंल, तर मी समजते माजं मी."

तिचे डोळे माझ्यावर लागले होते. इतक्या वर्षांत ती माझ्याकडं एवढा वेळ सलग बघताना मला आठवत नाही. मी आठवायला लागले. खोली आठवली, अव्वांची चादर आठवली, त्यांचा आवाज तर आत्ता बोलल्यासारखा आठवला. तोंड आठवेना. कारण त्या विचारत होत्या तेव्हा मी संध्याकाळच्या दिव्यासाठी वाती वळत होते. एकवीस व्हायच्या होत्या, मोजणी चुकू नये म्हणून मी मान खाली घातली होती. उत्तरही तसंच दिलं.

"भुवना, मी बघितलं न्हाय," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली, मी आणखी काही सांगेन म्हणून. सांगण्यासारखं नव्हतंच काही. मग तिनं तव्यावरची भाकरी बोटानं उलटली आणि दुसऱ्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.